उंदीर जगला, मग पुढे?

आमच्याकडे रात्री सापाला साप म्हणत नाहीत. ‘जनावर’ म्हणायचं, फार तर ‘लांबडं’. आणि ते चावलं तर चावलं असंही म्हणत नाहीत, ‘पान लागलं’ म्हणतात. आमच्या शेतावर कापणीला येणाऱ्या एका काकूंना चार वर्षांपूर्वी असंच पान लागलं. कापून ठेवलेल्या भाताच्या पेंढीखाली घोणस वेटोळं करून बसली होती. कुकरची शिटी व्हावी तसा फुत्कार त्यांनी ऐकला, पण तोवर हात खाली गेला होता. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी दोन दात.

काकू वाचल्या. रिक्षात घालून तालुक्याला नेलं, सर्पविषावरची लस सुरू झाली, दोन-तीन दिवसांत रक्त पुन्हा गोठायला लागलं, लघवी साफ झाली, अकराव्या दिवशी त्या घरी आल्या. सगळे म्हणाले, देव पावला. पावलाच. आमच्या पंचक्रोशीत ज्या घरांत तो पावला नाही तीही मला माहीत आहेत.

आता त्यांचा हात बघा. अंगठ्याच्या बुडाशी तळहाताला जो गुबगुबीत उंचवटा असतो, तिथे खड्डा आहे. त्यावरची कातडी चकाकते आणि खालच्या हाडाला चिकटल्यासारखी वाटते. अंगठा आत ओढला गेलाय, करंगळीला टेकत नाही. विळ्याची मूठ धरवत नाही. भाकरी त्या डाव्या हाताने थापतात आणि ती एका कडेला जाड राहते. ‘नवऱ्याने कधी नाव ठेवलं नाही, म्हणून मीच ठेवते,’ असं म्हणून हसतात.

दवाखान्याच्या कागदावर मात्र ‘बरी होऊन घरी’ असं आहे. त्या कागदाला मी खोटं म्हणणार नाही. ज्या मापाने मोजलं त्या मापाने काकू बऱ्याच झाल्या होत्या. माझं भांडण त्या मापाशी आहे, आणि ते माप दवाखान्यात ठरत नाही. ते ठरतं कितीतरी आधी, प्रयोगशाळेत, पांढऱ्या उंदरांच्या पिंजऱ्यापाशी. आपण सर्पविषावरच्या औषधाला तिथे एकच प्रश्न विचारतो: जगवतोस का? हात वाचवतोस का, हा प्रश्न त्याला कुणी सक्तीने विचारत नाही.

ही परीक्षा कशी असते ते सांगितल्याशिवाय पुढचं बोलणं हवेत राहील. १८ ते २० ग्रॅम वजनाचे उंदीर घेतात. आधी विषाची मात्रा ठरवतात: किती विष दिलं तर गटातले निम्मे उंदीर मरतात. मग त्याच्या काही पट विष एका नळीत घेऊन त्यात लस मिसळतात, ते मिश्रण अर्धा तास ३७ अंशांवर ठेवतात आणि सहसा शेपटीच्या शिरेतून टोचतात. दुसऱ्या दिवशी मोजणी. हलतायत किती, पडलेत किती. या हिशोबातूनच आपल्या लसीच्या बाटलीवरचे आकडे येतात: १ मिलिलिटर लस नागाचं ०.६ मिलिग्रॅम, घोणसाचं ०.६, मण्यारीचं ०.४५ आणि फुरशाचं ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी करते. म्हणजे १० मिलिलिटरच्या एका बाटलीत घोणसाच्या ६ मिलिग्रॅम विषाची सोय. घोणस एका चाव्यात साठएक मिलिग्रॅम विष सोडू शकते, म्हणून सुरुवातच आठ-दहा बाटल्यांनी करतात.

यातली एक गोष्ट मला पहिल्यांदा वाचली तेव्हापासून खटकते. विष आणि लस अर्धा तास आधी एका नळीत भेटतात. अशी सोय कुठल्या शेतकऱ्याला मिळालीय? काकूंच्या हातात विष गेलं सकाळी, लस गेली उन्हं वर आल्यावर. मधल्या वेळात विष काय हात जोडून बसलं होतं?

ते बसत नाही हे प्रयोगशाळेलाच सगळ्यात चांगलं माहीत आहे. विषाने स्नायूचं काय होतं हे आपल्याला जे कळलंय त्यातलं बहुतेक सगळं प्राण्यांवरच्या प्रयोगांतून कळलं, आणि त्यातलं फार मोठं काम कोस्टारिकासारख्या छोट्या देशातल्या क्लोदोमिरो पिकादो संस्थेत झालं. १९७० साली सुरू झालेली ही सरकारी विद्यापीठाची संस्था. तिथल्या होसे मारिया गुतिएरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयुष्यं घातली ती त्यांच्याकडच्या ‘तेर्सिओपेलो’ नावाच्या सापाच्या विषात. तिकडच्या केळीच्या नि कॉफीच्या मळ्यांतल्या मजुरांचा हा शत्रू, आपल्या घोणसाचा लांबचा भाऊबंद. मजूर वाचतात आणि पाय गमावतात, हे त्यांनी पाहिलं, आणि म्हणून प्रश्न पायाचा केला.

त्यांनी आणि इतरांनी उंदराच्या मांडीत विष टोचून काय पाहिलं? निरोगी स्नायूचा आडवा छेद रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर डाळिंब फोडल्यासारखं दिसतं: गुलाबी, कोनदार दाणे एकमेकांना चिकटून दाटीवाटीने बसलेले, आणि प्रत्येक दाण्याचं केंद्रक अगदी कडेला, सालीला लागून. हे दाणे म्हणजे स्नायुतंतू. विष टोचल्यानंतर काही मिनिटांतच कडेकडेने पाचरीच्या आकाराचे फिके डाग दिसायला लागतात. तिथे तंतूचा पापुद्रा फाटलेला असतो. फाडणारं विषातलं प्रथिन म्हणजे फॉस्फोलायपेज ए-टू. पापुद्र्यातली स्निग्धद्रव्यं तोडणं हा त्याचा धंदा. गंमत अशी की या घराण्यातली काही प्रथिनं तोडण्याची धार पूर्ण गमावून बसलीयत, तरी पापुद्रा फाडतातच. नुसती त्यात घुसून त्याची घडी विस्कटून टाकतात.

पापुद्रा फाटला की बाहेरचं कॅल्शियम आत लोटतं. स्नायूला कॅल्शियम म्हणजे आकसण्याचा हुकूम. एरवी हा हुकूम मोजूनमापून येतो. इथे धरण फुटावं तसा येतो. तंतू आकसत आकसत जागोजागी गोळे होतो, मधे रिकाम्या जागा पडतात, आतले ऊर्जेचे कारखाने बंद पडतात आणि तंतू मरतो. त्याच्या पोटातलं क्रिएटिन कायनेज नावाचं एन्झाइम रक्तात सांडतं. उंदरात हे सांडणं साधारण तीन तासांत शिगेला पोचतं. तीन तास. आपल्याकडे तीन तासांत कित्येकदा गाडीची व्यवस्था झालेली नसते.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं, कारण स्नायू हा शरीरातला मोठा चिवट अवयव आहे. तंतूच्या म्यानेखाली झोपलेल्या पेशी असतात, सॅटेलाइट पेशी. १९६१ मध्ये त्या बेडकाच्या स्नायूत पहिल्यांदा दिसल्या. तंतू मेला की त्या जाग्या होतात, वाढतात, एकमेकींत मिसळतात आणि नवा तंतू उभा करतात. नव्या तंतूची खूण म्हणजे त्याचं केंद्रक कडेला नसतं, बरोब्बर मध्यावर असतं. डाळिंबाच्या दाण्यातली बी दिसावी तसं. जगभरच्या ज्या प्रयोगशाळा स्नायूंच्या या पुनर्बांधणीचा अभ्यास करतात, त्या उंदराचा स्नायू मुद्दाम कशाने मारतात माहितेय? नागाच्या विषातल्या कार्डिओटॉक्सिनने. स्नायू पद्धतशीर मरतो आणि तीन-चार आठवड्यांत जवळजवळ पहिल्यासारखा भरून येतो, म्हणून त्यांना ते सोयीचं पडतं.

मग काकूंचा खड्डा का भरला नाही? उत्तर घोणस-फुरशाच्या विषातल्या दुसऱ्या टोळीत आहे. मेटॅलोप्रोटिनेज नावाची, जस्तावर चालणारी ही प्रथिनं स्नायूला थेट हात लावत नाहीत. ती केशवाहिन्यांचं अस्तर कुरतडतात. वाहिन्या फुटतात, रक्त मांसात झिरपतं, सुजेचा दाब वाढतो, उरलेल्या वाहिन्या दाबल्या जातात. झोपलेल्या पेशी जाग्या होतात खऱ्या, पण त्यांना ना रक्त, ना उभं राहायला म्यान. घर बांधायला गवंडी आलेत, पाणी नाही, वाळू नाही, पायाही उखडलाय. मग शरीर हाताशी येईल ते भरतं: व्रणाची दोरखंडासारखी ऊती आणि चरबी. सूक्ष्मदर्शकाखाली मग डाळिंब दिसत नाही; फिक्या पट्ट्या आणि त्यांत हरवलेले चार दाणे दिसतात. मी काही वर्षं अशा काचपट्ट्या पाहण्याच्या कामात काढली. कोंबडी सोलतानाही मला काही वाटत नाही, पण व्रण झालेल्या स्नायूच्या पट्टीकडे पाहताना अजूनही हाताची मूठ आपोआप मिटून उघडून बघितली जाते.

सगळाच दोष विषाचा नसतो, हेही सांगून टाकतो. चावल्यावर सुंभाने करकचून बांधतात, ब्लेडने चिरा पाडतात, त्याने हातपाय आणखी बिघडतो. काकूंच्या दंडालाही कुणीतरी नाडी आवळली होती. पण सगळं नीट करूनही, वेळेत पोचूनही, स्नायू जातो. कारण लस शिरेतून जाते, रक्तात फिरणारं विष पकडण्यात ती पटाईत आहे. पण चाव्याच्या जागी विष मिनिटांत काम उरकतं, आणि लस ज्यांची बनते ते घोड्याच्या रक्तातल्या प्रतिपिंडांचे मोठाले तुकडे फुटक्या वाहिन्यांच्या, सुजलेल्या मांसात उशिरा आणि अपुरे पोचतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हे पुन्हा पुन्हा दिसलंय: लस विषात आधीच मिसळली तर स्नायू वाचतो, विष टोचून थोडा वेळ जाऊ दिला की तीच लस स्नायूपुरती हतबल होते.

म्हणजे ज्ञान आहे. मोजण्याच्या पद्धतीही आहेत आणि त्या नव्या नाहीत. उंदराच्या मांडीत टोचलेल्या विषाने रक्तातलं क्रिएटिन कायनेज चौपट होतं ती मात्रा, कातडीत ठराविक आकाराचा मेलेला डाग पडतो ती मात्रा, रक्तस्रावाचा ठराविक डाग पडतो ती मात्रा, अशा सगळ्या चाचण्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक पुस्तिकेत व्याख्येसकट आहेत. पण पूरक म्हणून. म्हणजे नवी लस तपासताना केल्यात तर उत्तम. आपल्याकडे बॅचमागून बॅच बाजारात जाते ती जगला-मेला या एकाच निकालावर. पुस्तिकेतला ‘पूरक’ हा शब्द आपल्या देशात ‘नको’ असा वाचला जातो, हा माझा अनुभव फक्त सापांपुरता नाही.

माझी मागणी सरळ आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक सर्पविषरोधक लसीची, निदान परवान्याच्या वेळी आणि पुढे ठराविक वर्षांनी, स्नायूनाशावर चाचणी सक्तीची करा. तीही दोन प्रकारे: विषात मिसळून, आणि विष दिल्यावर तासाने, दोन तासांनी लस देऊन. निकाल उघड ठेवा. पहिल्याच फेरीत बहुतेक लसी दुसऱ्या प्रकारात नापास होतील हे मला ठाऊक आहे. तेच तर कागदावर यायला हवंय.

इथे माझ्या ओळखीतले प्राणिप्रेमी माझ्यावर उखडतात, आणि त्यांचं उखडणं मी हसण्यावारी नेत नाही. एका जनावराने माणसाला चावलं म्हणून दुसऱ्या जनावराच्या मांडीत विष टोचायचं, हा कुठला न्याय? मलाही त्याचं छान उत्तर सापडलेलं नाही. सर्पविष टोचणं दुखतं. स्नायू मरणं दुखतं. काकूंना मी एकदा या प्रयोगांबद्दल सांगत होतो तर त्यांनी मधेच विचारलं, ‘त्याला काय देतात मग, उंदराला, दुखायचं थांबायला?’ हा प्रश्न मी अनेक सुशिक्षितांकडून ऐकलेला नाही. ज्यांना ते दुखणं माहीत होतं त्यांनी विचारला.

पण प्राणिप्रेमींनी एक हिशोब मांडून बघावा. आजची पद्धत तरी कुठे दयाळू आहे? ‘निम्मे मरतील ती मात्रा’ ही कल्पना १९२७ साली ट्रेव्हन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने आणली. रसायनांच्या विषारीपणासाठी तिचं जे मूळ रूप वापरात होतं ते विकसित देशांच्या संघटनेने २००२ मध्ये रद्दच करून टाकलं. कमी जनावरांत आणि मरणाची वाट न पाहता तेवढीच माहिती मिळते हे पटलं म्हणून. सर्पविषाच्या क्षेत्रात मात्र शंभरीला टेकलेली ती कसोटी अजून मुख्य आहे. प्रत्येक मात्रेला पाच-सहा उंदीर, प्रत्येक लसीला चार विषं, प्रत्येक बॅचला पुन्हा तेच, आणि शेवट उंदराच्या मरणात. एवढं करून हातात येतो एक आकडा, जो हाताबद्दल काहीच सांगत नाही.

म्हणून मला वाटतं की उंदीर वाचवायचे तर ते बॅचच्या रोजच्या तपासणीत वाचवावेत. तिथे प्रश्न ठरलेला असतो: ही बॅच मागच्या बॅचइतकी ताकदीची आहे का? तो काचेच्या बशीत, प्रतिपिंडं विषाच्या कुठल्या घटकाला किती घट्ट धरतात हे मोजून, विषाची एन्झाइमं किती थोपली हे पाहून बराचसा सुटू शकतो. मार्च २०२३ मध्ये आपल्या केंद्र सरकारने नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती करून प्राण्यांऐवजी पेशींवरच्या आणि तत्सम चाचण्यांना दार उघडलंय. त्या दारातून लसवाल्यांनी आत यायला काय हरकत आहे? स्नायूपेशीही बशीत वाढवता येतात, त्यांवर विष टाकून पापुद्रा फाटतो की नाही दिसतं. पण बशीतल्या पेशीला केशवाहिनी नसते. तिथे रक्तस्राव होत नाही, सूज चढत नाही, व्रण धरत नाही. खड्डा का भरत नाही हा प्रश्न बशीला विचारताच येत नाही. त्यासाठी आज तरी जिवंत प्राणी लागतो, आणि तो थोडक्या संख्येत, गुंगी आणि वेदनाशामक देऊन, क्रिएटिन कायनेजचं रक्त घेऊन झाल्यावर त्याला पुढे तडफडत न ठेवता वापरायचा, ही अट माझ्याच मागणीत बसते. वेदनाशामकाने निकाल बिघडतो ही जुनी सबब आहे. जागतिक आरोग्य संघटनाही आता ते देण्याच्या बाजूची आहे.

जाता जाता एक योगायोग. घोणसाला इंग्रजीत ज्याचं नाव आहे तो पॅट्रिक रसेल अठराव्या शतकात कंपनी सरकारचा नोकर होता. कोंबड्या आणि कुत्री सापांपुढे धरून ती किती वेळात मरतात याच्या नोंदी त्याने ठेवल्या. आणि प्रयोगात प्राणी टाळा, कमी करा, त्यांचे हाल कमी करा, ही तिहेरी शिस्त १९५९ मध्ये मांडणाऱ्या दोघांपैकी एकाचंही आडनाव रसेलच. घोणस बिचारी पहिल्याच्या नावावर अडकली.

दुसरा आक्षेप पैशाचा आणि अग्रक्रमाचा असतो. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाला सरासरी ५८ हजार. आधी माणसं तर जगवा, स्नायूचं नंतर बघू, असं म्हणतात. वाक्य ऐकायला जबाबदार वाटतं. पण मरणारा आणि हात गमावणारा ही दोन वेगळी माणसं नाहीत. त्याच बांधावर, त्याच अंधारात, त्याच अनवाणी पायांनी चालणारी ती आहेत. जगभरात सर्पदंशाच्या प्रत्येक मृत्यूमागे साधारण तिघांना अवयव तोडण्याची किंवा कायमच्या अपंगत्वाची वेळ येते. कमावता हात गेलेलं घर पुढच्या पाच वर्षांत कसं खचतं हे पाहायला आकडेवारी लागत नाही. सावकाराची वही पुरते. शिवाय स्नायूचा प्रश्न जिवाच्या प्रश्नापासून सुटा नाहीच. समुद्री सापांचं उदाहरण घ्या. मालवणपासून रत्नागिरीपर्यंत जाळ्यात ते सर्रास येतात. त्यांच्यातल्या चोचवाल्या सापाचं विष अंगभर स्नायू विरघळवतं. तो स्नायूतला रंग मूत्रपिंडात अडकतो, लघवी कोऱ्या काळ्या चहासारखी होते आणि माणूस मूत्रपिंड बंद पडून जातो. हे पेनांगच्या कोळ्यांमध्ये अॅलिस्टर रीड या डॉक्टरांनी अर्ध्या शतकापूर्वीच नोंदवून ठेवलंय. आपल्या चार विषांच्या लसीत समुद्री साप नाहीत. घाटातला चापडा नावाचा विषारी सापही नाही. तो जीव क्वचित घेतो, हात मात्र खांद्यापर्यंत सुजवतो. मरण हीच कसोटी ठेवली की चापड्यासारखा साप यादीत येण्याचं कारणच उरत नाही.

जी चार विषं लसीत आहेत त्यांचंही सगळं आलबेल नाही. विष बहुतांशी येतं तमिळनाडूतल्या इरुला सापवाल्यांच्या सहकारी संस्थेकडून, महाबलीपुरमजवळून. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांच्या गटाने गेल्या काही वर्षांत दाखवून दिलं की एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशाप्रमाणे बदलतं, आणि दक्षिणेच्या विषावर बनलेली लस दुसरीकडे तोकडी पडू शकते. हाही निष्कर्ष मुख्यतः उंदीर जगले-मेले यावरच काढावा लागला. कोकणच्या घोणसाचं विष स्नायूवर तमिळनाडूच्या घोणसापेक्षा जास्त चालतं की कमी, हे विचारणारा प्रयोग कुणी सक्तीचा केलेला नाही.

आणि प्रश्न विचारला की उत्तरं येतात, याचा पुरावा समोर आहे. कोस्टारिकापासून लिव्हरपूलपर्यंतच्या लोकांनी स्नायू आणि ऊती हे लक्ष्य धरलं, म्हणून त्यांची नजर प्रतिपिंडांपलीकडच्या साध्या, छोट्या रेणूंच्या औषधांकडे गेली. व्हारेस्प्लाडिब हे हृदयविकारासाठी आणलेलं आणि तिथे नापास झालेलं औषध; ते फॉस्फोलायपेजला थोपवतं. मारिमास्टॅट कर्करोगात नापास झालं. ते मेटॅलोप्रोटिनेजला थोपवतं. जड धातूंच्या विषबाधेवरचं डीएमपीएस त्याच प्रथिनांचं जस्त ओढून घेतं. नापास पोरांची ही दुसरी परीक्षा मला फार आवडते. ही औषधं लहान आहेत, सुजलेल्या मांसात शिरू शकतात, आणि मुख्य म्हणजे गोळीच्या रूपात देता येतात. व्हारेस्प्लाडिबची भारत आणि अमेरिकेत माणसांवर चाचणी झाली. मुख्य निकषावर निकाल मनासारखा लागला नाही, पण लवकर गोळी मिळालेल्यांत फायद्याची चिन्हं दिसली. २०२४ मध्ये सिडनी आणि लिव्हरपूलच्या संशोधकांनी उंदरांत दाखवलं की आफ्रिकेतल्या थुंकणाऱ्या नागांच्या विषाने होणारा कातडीचा नाश हेपॅरिनच्या जातीची, म्हणजे रक्त पातळ करणारी नेहमीची औषधं कमी करतात. (रक्तच न गोठू देणाऱ्या घोणसाच्या रुग्णाला हे कुणी घरी करून पाहू नये, जीव जाईल.)

प्राथमिक आरोग्य केंद्रात एक गोळी, मग लसीसाठी पुढे, हे चित्र महाराष्ट्राला अनोळखी नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं स्वस्त औषध वापरून दाखवलं आणि कोकणात विंचवाने पोरं मरण्याचं प्रमाण एकदम घसरलं. त्यांनी आधी हे पाहिलं की विंचवाने माणूस नक्की कशाने मरतो. प्रश्न नेमका धरला आणि मग औषध कपाटातच सापडलं.

कागदोपत्री आपण मागे नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्राने सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला. २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करायचे म्हणतात. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्पदंशाची नोंद सक्तीची करा असं राज्यांना कळवलं गेलं. चांगलं आहे. पण नोंदवायचं काय? दंश आणि मृत्यू एवढंच धरलं तर पिंजऱ्यापाशी सुरू झालेली मोजणी दिल्लीपर्यंत तशीच पोचेल. सहा महिन्यांनी रुग्णाला बोलावून, मूठ वळते का, पाऊल टेकतं का, एवढं पाहायला ना उंदीर लागतो ना निधी. एक आशाताई आणि नोंदवहीत एक रकाना लागतो.

तो रकाना नसला की काय होतं ते काकूंनी अनुभवलंय. त्यांच्या नवऱ्याच्या नावावर काही गुंठे शेतजमीन आहे, म्हणून शेतकऱ्यांसाठीच्या अपघात सानुग्रह अनुदानाचा अर्ज मीच भरून दिला. सर्पदंश त्यात बसतो. मृत्यूला २ लाख, एक अवयव निकामी झाला तर १ लाख. साहेबांनी काकूंना हात पुढे करायला सांगितला. काकूंनी केला. पाची बोटं जागेवर होती. ‘हलतायत की,’ साहेब म्हणाले, आणि डॉक्टरांचा दाखला मागितला. दाखल्यावर टक्केवारी आली ती ४०च्या खालची, म्हणजे अपंगत्वाच्या कार्डालाही पुरेशी नाही. मी वाद घालायला लागलो तसं काकूंनी मला गप्प केलं. टेबलावरचं पेन उचलून सही करायला गेल्या, ते अंगठ्यातून निसटून खाली पडलं. शिपायाने उचलून दिलं आणि शाईचं पॅड पुढे सरकवलं. अंगठा उजवाच लागतो का, असं काकूंनी विचारलं. डावाही चालतो म्हणाले.